डनलॉपचं चाक आणि आबांची गाडी

गेल्या दिवाळीत चोपड्याला घरी गेलो, तर चुलतभाऊ जुनी मारुती घेऊन दारात उभा. गाडी येऊन महिना झाला नाही, तोच पठ्ठ्याला मोठ्या मापाची चकचकीत अलॉय चाकं हवी होती. मी मेकॅनिकलला, म्हणून सल्ला माझ्याकडे मागितला. पैसे कर्जाऊ काढायचे होते, त्यामुळे मस्करीत उत्तर देऊन चालणार नव्हतं.

तेवढ्यात आबांनी आपली गोष्ट काढली. लाकडी चाकाच्या बैलगाडीऐवजी त्यांनी हवेच्या टायरची गाडी केली, तेव्हा भावकीने त्यांना वेड्यात काढलं होतं. एवढ्या पैशात नवा बैल आला असता! आबा त्या गाडीला डनलॉपच म्हणतात. हा डनलॉप कोण, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजला परतल्यावर मी लायब्ररीत शोधलं.

जॉन बॉइड डनलॉप इंजिनीअर नव्हताच, होता गुरांचा डॉक्टर! 1840 साली स्कॉटलंडमध्ये जन्मला आणि पुढे बेलफास्टला दवाखाना थाटून बसला. त्याच्या पोराच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराची चाकं होती, दगडी रस्त्यावर ती खडखड हादरायची. डनलॉपने लाकडी चकतीवर रबराची नळी गुंडाळली, वरून कापड लावलं आणि पंपाने हवा भरली. मग हे चाक आणि सायकलचं भरीव चाक, दोन्ही अंगणात ढकलून दिली. भरीव चाक मध्येच आडवं झालं. हवेचं चाक पार टोकाला जाऊन आपटलं आणि उलट फिरलं. 1888 च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळालं.

ही जाड चाकं बघून लोक हसले. पण 1889 च्या मे महिन्यात बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम ह्याच चाकांवर जिंकला, आणि हसणं थांबलं. हरलेल्यांत हार्वे डु क्रॉसची पोरं होती. बाप व्यापारी डोक्याचा, त्याने डनलॉपला हाताशी धरून डब्लिनमध्ये कंपनीच उभी केली.

गंमत पुढे आहे. पेटंट रद्द ठरलं, कारण रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने 1845 सालीच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. त्याचा एक संच घोडागाडीवर सुमारे 1200 मैल चालला, म्हणजे चाक उत्तम होतं. पण ते बनवणं फार महाग पडे आणि तेव्हा सायकलींचं वेड यायचं होतं, म्हणून थॉमसनचं चाक विस्मरणात गेलं. डनलॉपच्या चाकालाही खोट होतीच. टायर रिमला चिकटवलेला, त्यामुळे पंक्चर काढायचं म्हणजे सगळं उकलत बसा. 1890 मध्ये चार्ल्स वेल्चने तारेच्या कडेचा, काढता-घालता येणारा टायर आणला, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाचे पैसे खरे वसूल व्हायला लागले. डनलॉप 1895 मध्ये कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी ती 30 लाख पौंडांना विकली गेली आणि लगेच 50 लाखांना बाजारात आली. त्याच्या हाती त्यातलं फारसं लागलं नाही. 1921 साली तो डब्लिनमध्ये वारला. बंगालमधल्या साहागंजला त्याच्या नावाचा टायर कारखाना 1936 मध्ये सुरू झाला, तो बघायला तो नव्हता.

हे वाचल्यावर आबांचा हिशेब मला उमगला. लाकडी चाकाची लोखंडी धाव काळ्या मातीत सुरीसारखी रुतते. रुंद टायर भार पसरवतो, आणि त्या चाकात बेअरिंग असल्यामुळे ओढही हलकी. त्याच बैलजोडीने चहार्डीच्या कारखान्याला जास्त ऊस जायला लागला. बाभळीच्या काट्यांनी मात्र आबांना रडवलं.

भावाचं प्रकरण उलटं होतं. मोठं अलॉय चाक घालायचं तर एकूण उंची तीच ठेवायला टायर पातळ घ्यावा लागतो, म्हणजे हवेची गादीच कमी! डनलॉपने जे घातलं, तेच आपण पैसे देऊन काढायचं. अलॉय हलकं असेल तर स्प्रिंगखालचं वजन कमी होऊन चाक रस्त्याला चांगलं धरतं, हे खरं. पण स्वस्तातली मोठी चाकं हलकी असतीलच असं नाही. आणि खड्ड्यात लोखंडी रिम वाकली तर ठोकून घेता येते, अलॉयला तडा गेला की ते भंगारातच टाकावं.

मी फोनवर हे सगळं सांगितलं. त्याने निमूट ऐकून घेतलं. संक्रांतीला गेलो तर गाडीला जुन्याच रिमांवर चार नवे टायर होते, आणि आबा वाकून त्यांची हवा बघत होते. अलॉयचा फोटो मात्र त्याने मोबाइलवर अजून ठेवलाय.