वाकाटकांची राजमाता प्रभावतीगुप्ता

रिद्धपूर म्हटले की आम्हां अमरावतीकरांना महानुभाव पंथ आठवतो. मला मात्र तेथे सापडलेल्या ताम्रपटातील प्रभावतीगुप्ताही आठवते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या वाकाटक नृपती दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. पती निवर्तला, पुत्र लहान. तेव्हा युवराज दिवाकरसेनाच्या वतीने तिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य चालविले. सुमारे त्याच काळी, इ. स. ४२५ मध्ये, पश्चिम रोमन साम्राज्यात गाला प्लासिडियाने बालपुत्रासाठी असाच भार उचलला. पुढे प्रभावतीचा पुत्र दुसरा प्रवरसेन गादीवर आला. त्याच्या १९ व्या राज्यवर्षीचा रिद्धपूर ताम्रपट तिने स्वतःच्या नावे काढला. त्यात माहेरचा वंश व गोत्र अभिमानाने कोरविले. कित्येक राण्या विस्मृतीत गेल्या. वऱ्हाडच्या या राजमातेला आपण तरी विसरू नये, असे मला वाटते.