बिअ‍ॅट्रिस शिलिंग : एका छोट्या वॉशरने लढाऊ विमानांचं इंजिन सावरणाऱ्या इंजिनिअर

तळेगाव (श्यामजी पंत) जवळच्या सत्याग्रही घाटात माझी मॉडिफाय केलेली गाडी धक्के खात बंद पडली. मागून भरलेला ट्रक येत होता. कशीबशी कडेला घेतली. खाली वाकून पाहतो तर कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळत होतं, तेही गरम सायलेन्सरच्या अगदी बाजूला. थोडक्यात वाचलो.

दिसायला छान म्हणून मी टाकी खाली बसवली होती. मग पेट्रोल नीट उतरेना, म्हणून छोटा इलेक्ट्रिक पंप लावला. तरी गाडी बंद पडायचीच. पेट्रोल कमी पडतंय असं समजून मी मोठा जेट टाकला, तर त्रास आणखी वाढला. ही चूक नेमकी काय होती, ते मला एका बाईंच्या आयुष्यातून कळलं. आज त्यांच्याबद्दलच सांगतो.

मोटरसायकलवेडी मुलगी

बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात झाला. वडील खाटीक. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी स्वतःची मोटरसायकल घेतली आणि ती खोलून जोडायला सुरुवात केली. शाळा संपल्यावर मार्गारेट पार्ट्रिज या महिला इंजिनिअरच्या कंपनीत विजेच्या वायरिंगचं काम शिकल्या. पुढे मँचेस्टर विद्यापीठातून १९३२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि नंतर मेकॅनिकलमध्ये पुढचं शिक्षण केलं.

ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवर त्या नॉर्टन एम-३० पळवायच्या. ताशी १०० मैलांहून (सुमारे १६० किमी) जास्त वेगाने फेरी मारणाऱ्याला तिथे गोल्ड स्टार मिळायचा. तो मिळवणाऱ्या फक्त तीन महिलांपैकी त्या एक. १९३६ मध्ये त्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत लागल्या आणि कार्बोरेटरच्या कामात मुरल्या. १९३८ मध्ये जॉर्ज नेलर यांच्याशी लग्न झालं.

विमानाचं इंजिन का बंद पडायचं?

१९४० मध्ये ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना एक जीवघेणा त्रास होता. शत्रूमागे जाण्यासाठी वैमानिकाने विमानाचं नाक एकदम खाली दाबलं की मर्लिन इंजिन झटका खाऊन गप्प व्हायचं. जर्मन मेसरश्मिटमध्ये फ्युएल इंजेक्शन होतं, ते आरामात सटकायचं. ब्रिटिश वैमानिकांना आधी विमान उलटं करून मग सूर मारावा लागे. तेवढ्यात शत्रू निसटे.

कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोल बंद करते. नाक दाबलं की वाटीतलं पेट्रोल वर उसळायचं. क्षणभर इंजिन उपाशी राहायचं. पण खरा घोटाळा पुढे होता. फ्लोट उलटा वागायचा, सुई सताड उघडायची आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल ओतायचा. इंजिन उपासाने नाही, बुडून मरायचं!

शिलिंग यांनी इंजिनाला पूर्ण ताकदीवर जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं ते धरलं आणि तेवढंच जाऊ देईल अशा भोकाची छोटी पितळी टोपी कार्बोरेटरच्या आधी पाईपमध्ये बसवली. पुढे तिचा साधा चपटा वॉशर झाला. तो बसवायला विमान सेवेतून काढावं लागत नव्हतं. मार्च १९४१ पासून छोटी टीम घेऊन त्या विमानतळांवर फिरल्या आणि वॉशर बसवून दिले. स्वतः जायच्या मात्र आपल्या जुन्या नॉर्टनवर. हा तात्पुरता इलाज होता, पण १९४३ मध्ये नवे प्रेशर कार्बोरेटर येईपर्यंत त्याने काम भागवलं.

युद्धानंतर त्यांनी ओल्या धावपट्टीवरच्या ब्रेकिंगवर संशोधन केलं, नवऱ्यासोबत रेसिंग कारही पळवल्या. १९६९ मध्ये निवृत्त झाल्या. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं.

मग माझ्या गाडीचं काय?

हे वाचून मी प्लग काढला. काळा आणि पेट्रोलने ओला! म्हणजे माझंही इंजिन बुडत होतं. पंपाचा दाब सुईला नीट बसू देत नव्हता आणि खड्ड्यात फ्लोट उडाला की पेट्रोल भसाभसा आत जायचं.

पण मी वॉशर लावला नाही. वॉशर प्रवाह अडवतो, थांबलेल्या पेट्रोलचा दाब कमी करत नाही. म्हणून पंप काढून टाकला, टाकी वर उचलली, पाईप कुठेही वर न चढता सरळ उतरेल असा घेतला आणि जुना जेट परत टाकला. मग इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, पाईप बाटलीत सोडून मिनिटभरात किती पेट्रोल उतरतं ते मोजलं. भरपूर होतं.

तुमचीही गाडी अशी बंद पडत असेल तर जेट बदलण्याआधी प्लग काढून बघा. कोरडा आणि पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळा, ओला असेल तर जास्त होतंय. दोन्ही वेळा गाडी बंदच पडते, इलाज मात्र एकदम उलटा. आणि पेट्रोल गळत असेल तर किक मारत बसू नका, आधी कॉक बंद करा!