‘तात्पर्य’ आणि साने गुरुजी

आपल्या प्राथमिक शाळांतून मुलांना गोष्ट लिहावयास सांगण्याची एक ठराविक पद्धत पडून गेली आहे. फळ्यावर सहा-सात मुद्दे मांडावयाचे, त्यांच्यामध्ये आडव्या रेघा ओढावयाच्या आणि मुलांनी त्या रेघांच्या जागी क्रियापदे भरावयाची. आरंभी एका गावात कोणी तरी एक राहत असतो. शेवटी तात्पर्य असते. मधल्या मजकुराकडे तपासणाऱ्याचे फारसे लक्ष नसते. तात्पर्य राहिले तर मात्र गुण जातात. परिणाम असा की, चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस वह्यांतून एकच गोष्ट निघते, आणि ती त्या चाळीसांपैकी एकाचीही नसते.

याच साच्यात आपण साने गुरुजींचे चरित्रही घालतो. २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला, हे पहिले वाक्य; ११ जून १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले, हे शेवटून दुसरे; आणि सर्वांवर प्रेम करावे, हे तात्पर्य. महाराष्ट्रातील मुलांना ज्याने सर्वांत अधिक गोष्टी सांगितल्या, त्याचीच गोष्ट इतक्या निर्जीवपणे सांगितली जावी, यात अन्याय आहे. त्याहूनही मोठे नुकसान हे की, गोष्टीला आरंभ कोठून करावा आणि ती कोठे सोडावी हे या माणसाच्या आयुष्यातून शिकता येण्याजोगे होते, ते आपण गमावले.

आम्हा खानदेशातील लोकांना तरी हा आरंभ पालगडहून करण्याचे कारण नाही. तो १९२४ साली अमळनेरला होतो. पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण प्रतापशेठांच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आला होता. तेथील कोरड्या चर्चेत त्याचे मन रमले नाही आणि तो खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाला. लवकरच छात्रालयाची व्यवस्थाही त्याच्याकडे आली. मुले खोल्या पसरून शाळेत जात आणि हे मास्तर त्या झाडून, अंथरुणे घडी करून ठेवीत. चार दिवस मुलांनी हे पाहिले आणि मग स्वतःच खोल्या आवरू लागली, हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. येथे प्रवचन झाले नाही. प्रसंग घडला आणि संपला.

त्याच छात्रालयात गुरुजींनी एक हस्तलिखित दैनिक चालविले. या दैनिकाला छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती, जाहिरात तर नव्हतीच. वाचक होते छात्रालयातील मुलगे. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. परंतु लेखक म्हणून त्यांची घडण त्या हाती लिहिलेल्या कागदांवरच झाली असावी, असे मला वाटते. ज्याचा वाचक पलीकडच्या खोलीत राहतो त्याला कोणे एके काळी म्हणून सुरुवात करून भागत नाही. कालच्या रात्री जेवणघरात काय झाले तेथूनच त्याला निघावे लागते, नाही तर मुले कागद पाहतही नाहीत.

पालगडकडे आता मागे वळून पाहण्यास हरकत नाही. साने यांचे घर खोताचे. पण खोती उतरणीला लागलेली, भाऊबंदकी आणि कोर्टकचेऱ्या यांनी पोखरलेली. कर्ज वाढत गेले, सावकाराची माणसे दारात येऊन बसू लागली. मुलगा शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असा फिरला, बहुधा अर्धपोटी. आई यशोदाबाई १९१७ मध्ये वारल्या तेव्हा तो जवळ नव्हता. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने एक गोष्ट येथे नमूद केलीच पाहिजे. १९२९-३० साली मुंबई प्रांतिक बँकिंग चौकशी समितीने ग्रामीण कर्जबाजारीपणाची माहिती गोळा केली. ती आम्ही वर्गात शिकवितो आणि विद्यार्थी ती परीक्षेनंतर विसरतात. ‘श्यामची आई’तील वसुलीला आलेला माणूस आणि त्याच्यासमोर अपमान गिळणारी बाई मात्र एकदा वाचलेल्याच्या मनातून जात नाही. त्या घराची पत गावात संपली आहे, हे तेथे एका दारातल्या बोलाचालीवरून कळते.

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात पडले. धुळे आणि मग त्रिचनापल्लीचा तुरुंग झाला. त्रिचनापल्लीला दक्षिणेकडील भाषा कानांवर पडल्या आणि आंतरभारतीच्या कल्पनेचे बी तेथे रुजले. १९३२ मध्ये पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरून घेण्याचे काम गुरुजींनी केले. धुळे हे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचे ठिकाण होते आणि नंदुरबार त्याच जिल्ह्यात होते. अठरा आठवडे दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे टिपणे ही लेखकाला फार मोठी शिकवण असते. बोलणारा माणूस मुद्द्याला कसा हात घालतो आणि ऐकणारे थकण्याआधी कोठे थांबतो, हे अशा वेळी लेखणीलाच समजत जाते.

त्यानंतर नाशिकचा तुरुंग आला. फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग तेथे लिहिला गेला. या पुस्तकाची मांडणी शिक्षकांनी एकदा केवळ रचनेच्या दृष्टीने पाहावी. प्रकरणांना येथे रात्री म्हटले आहे. आश्रमातील सायंप्रार्थना झालेली असते, मित्र जमलेले असतात, कोणी अजून यावयाचा असतो, गावातील काही मंडळीही येऊन बसलेली असतात. मग श्याम बोलू लागतो. म्हणजे गोष्ट कोण सांगतो, कोणाला आणि कोणत्या वेळी, हे वाचकाला गोष्टीपूर्वीच दिसते. आठ वर्षांच्या मुलालाही जमेल असा हा आरंभ आहे. त्याला कल्पनाशक्तीची भरारी लागत नाही. आजूबाजूला पाहणे लागते.

शेवटाच्या बाबतीत मात्र मी गुरुजींशी सर्वस्वी सहमत नाही. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा आणि त्याच्यासाठी आपले नेसते लुगडे धोंड्यावर पसरणारी आई, हा प्रसंग मराठीत अजोड आहे. मुलाचे तळवे टिपले गेले, आईने मनाच्या स्वच्छतेविषयी एक वाक्य बोलून दाखविले, की गोष्ट पुरी होते. पण श्याम थांबत नाही. तो अश्रूंविषयी, मनाच्या मळाविषयी पुढेही बोलत राहतो. त्या रात्रीच्या श्रोत्यांना ते हवेही असेल आणि बोलणाऱ्याचा गळा खरोखर दाटलेला होता, हे मान्य केले पाहिजे. आपण शाळामास्तरांनी मात्र त्यांच्या लेखनातून नेमके हेच उचलले. प्रसंग टाकला आणि त्याच्या शेपटाला लागलेला उपदेश ठेवला. गुरुजींच्या उपदेशामागे त्यांनी झाडलेल्या खोल्या होत्या. आपल्या तात्पर्यामागे फक्त गुणांची वाटणी आहे.

मुलांसाठी त्यांनी पुढेही विपुल लिहिले. परदेशी कादंबऱ्या त्यांनी ‘गोड गोष्टी’ मालेत मराठीत आणल्या. जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’चा ‘मनूबाबा’ झाला, ह्यूगोच्या महाकादंबरीवरून ‘दुःखी’ आली. फैजपूरच्या काँग्रेसचे काम, कामगार आणि शेतकरी यांची संघटना, बेचाळीसचा लढा यांत मधली वर्षे गेली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. गांधीजींच्या हत्येनंतर २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू झाले. जून १९५० मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले.

हा शेवट आपण मुलांपुढे कसा ठेवतो? देहावसान या शब्दाआड लपवितो आणि लगेच घाईघाईने एक तात्पर्य चिकटवितो. तिसरी-चौथीच्या वर्गात सर्व तपशील सांगावा असे माझे म्हणणे नाही. परंतु गोष्ट सांगणाऱ्याला कोठे थांबावे याचे स्वातंत्र्य असते. लहान मुलांसाठी ही गोष्ट १९४८ च्या १५ ऑगस्टला, एका नव्या अंकावर, थांबविता येते. त्यांत खोटे काही नाही. मोठ्या मुलांसाठी ती जूनपर्यंत न्यावी आणि तेथे मुकाट्याने सोडावी. काही प्रश्नांना मुलेही उत्तराविना सामोरी जाऊ शकतात. उत्तर हवे असते ते बहुधा शिक्षकाला.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतील मूल शाळेत येते ते भिली, पावरी, मावची किंवा कोकणी घेऊन. सपाटीवरच्या मुलाच्या तोंडी अहिराणी असते. पुस्तकी मराठी ही त्याला शाळेच्या दारात भेटणारी भाषा आहे. आणि आपण त्याला पहिले काम सांगतो ते एका गावातील राजाची गोष्ट लिहिण्याचे! या मुलाने पहाटे आईबरोबर मोहाची फुले वेचलेली आहेत. काठीच्या होळीचा ढोल ऐकला आहे. घरातील माणसे दिवाळीत अस्तंब्याचा डोंगर चढून आल्याचे त्याने पाहिले आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या गाडीत भांडी, कोंबड्या आणि धाकटी भावंडे चढताना पाहिली आहेत, कित्येकदा तो स्वतःच त्या गाडीत बसला आहे. त्याच्या गोष्टीचे पहिले वाक्य त्या गाडीच्या फळीवर आहे, फळ्यावरच्या मुद्द्यांत नाही.

यासाठी फार मोठ्या प्रशिक्षणाची गरज असेल असे मला वाटत नाही. मुलाने आधी आपल्या बोलीत तोंडी सांगावे. सांगताना सर्वांत आधी त्याला काय दिसले किंवा ऐकू आले ते गुरुजींनी अगर बाईंनी हेरावे आणि तेच पहिले वाक्य म्हणून लिहवून घ्यावे. मग काय झाले, असे विचारीत जावे. ज्या ठिकाणी मूल आता काही नाही म्हणून खांदे उडविते, त्याच्या आधीचे वाक्य हा शेवट. मराठी शब्द हळूहळू येतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खालच्या इयत्तांत घरच्या भाषेला जागा देण्याचे तत्त्व मान्य केलेलेच आहे. वर्गात ते कितपत उतरले हा प्रश्न वेगळा.

महाविद्यालयात शिकविणाऱ्याने या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. कारण ही मुले पुढे आमच्याकडेच येतात. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना, प्रश्न टंचाईचा असो वा चलनवाढीचा, उत्तराचा आरंभ अर्थशास्त्राच्या व्याख्येने होतो आणि शेवट ‘अशा प्रकारे महत्त्व सांगता येईल’ या शब्दांनी. हे ‘अशा प्रकारे’ म्हणजे चौथीतले तात्पर्यच होय. ते दहा वर्षांत मोठे झाले आहे इतकेच. गेल्या वर्षी बापाने उचल किती घेतली आणि किती फिटली, हे ज्याला तोंडपाठ आहे तो मुलगा कर्जबाजारीपणाच्या प्रश्नाला पुस्तकातली पाच कारणे क्रमाने लिहितो, आणि स्वतःच्या घराविषयी एक अक्षर लिहीत नाही. लिहिले तर गुण जातील, असे त्याला लहानपणीच कोणी तरी शिकविलेले असते.

ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गावर नंदुरबार आणि अमळनेर ही एकाच रुळावरची स्टेशने आहेत. अमळनेरच्या छात्रालयात जे दैनिक निघाले त्याला लागला होता कागद, शाई आणि रोजचा तासभर. आपल्या जिल्ह्यातील आश्रमशाळा ही तर छात्रालयेच आहेत. प्रत्येक आश्रमशाळेत आठवड्याला एक ताव भिंतीवर लागावा, चौथी-पाचवीच्या मुलांनी तो लिहावा, कोणत्याही बोलीत लिहावा, चुकांसह लागावा. शेवटच्या ओळीखाली मात्र शिक्षकांनी लाल शाईने काही लिहू नये.