चित्राखालची ओळ

आमच्या देवघरात आजीची एक लक्ष्मी होती. कमळावर उभी, शेजारी हत्ती. तिच्या साडीच्या काठावर आजीने स्वतःच्या हाताने जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. एकदा काच फुटली. नवी चौकट स्वस्तात मिळाली, पण ती किंचित लहान निघाली. मी सरळ कात्री घेतली आणि चित्राच्या कडा कापून टाकल्या. खालच्या कडेवर बारीक अक्षरांची एक ओळ होती. तीही केराच्या टोपलीत गेली. तेव्हा मी शाळेत होतो. त्या ओळीचे मोल कळले ते कॉलेजात आल्यावर, राजा रविवर्मा यांच्या चरित्राचा नाद लागला तेव्हा.

रविवर्मा यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे मामांनी दिले. पुढे ते तिरुअनंतपुरमच्या दरबारात आले. तेथे आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने त्यांना शिकवले नाही, केवळ काम करताना पाहू दिले, असे सांगतात. तैलरंगांचे तंत्र त्यांनी बव्हंशी असे पाहून आणि चुकत-माकत आत्मसात केले. 1873 साली मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि संस्थानिकांची बोलावणी सुरू झाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पुराणकथांवरील चौदा चित्रे काढून घेतली. ती बडोद्यात आणि मुंबईत लोकांसाठी मांडली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली.

पण प्रदर्शन संपले की चित्रे राजवाड्यात जाणार. ज्याला राजवाड्याची पायरी चढता येत नाही, त्याने काय करावे? या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे सर टी. माधवराव यांनी त्यांना पूर्वीच सुचवले होते. 1894 साली रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, कारागीरही जर्मन. दगडी शिळेवर चित्र उलटे उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि कागद एकेका शिळेवरून असा फिरवायचा की रंग केसभरही सरकू नये. पहिले चित्र निघाले ते शकुंतलाजन्माचे. मग लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण घरोघर पोहोचले. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्याही भिंतीवर देव आले.

धंदा मात्र साधला नाही. प्लेगने मुंबई हादरली. शतक संपता संपता छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कारभार धाकटे बंधू राजा राजवर्मा पाहत. पण कर्ज वाढतच गेले आणि अखेर छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. 1905 मध्ये बंधू गेले. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरलाच रविवर्मा यांनी देह ठेवला.

छापखाना पुढेही त्यांच्याच नावाने चालला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी तेथे काही काळ काम केले. धुरंधरांसारख्या इतरांची चित्रेही तेथे छापली गेली. कापडाच्या ठाणांवरची लेबले आणि व्यापाऱ्यांची कॅलेंडरेही याच चित्रांनी सजली. त्यामुळे छापखान्याचे नाव रविवर्मा असले, तरी प्रत्येक चित्र त्यांचे नव्हे. येथेच ती खालची ओळ कामी येते. ओळीत मुंबईचा पत्ता असेल तर चित्र सुरुवातीच्या वर्षांतले. कार्ले-लोणावळा असेल तर नंतरचे. चित्रकाराचे, छापखान्याचे, कधी विकणाऱ्याचे नाव याच कडेवर सापडते. 1972 साली मळवलीचा कारखाना आगीत भस्मसात झाला. त्यानंतर या छपाईचा बराचसा पुरावा उरला तो घराघरांतल्या भिंतींवरच.

आमची लक्ष्मी कुठली, मुंबईची की मळवलीची? रविवर्मा यांच्या हयातीतली की नंतरची? आता सांगता येत नाही. आजीच्या टिकल्या तेवढ्या शाबूत आहेत. त्यांच्यावरून ते चित्र कोणी पूजले एवढे कळते; कोणी, कुठे छापले, ते मी कापून टाकले.

मित्रहो, सुटीत घरी जाल तेव्हा माजघरातली जुनी चित्रे एकदा उतरवून पाहा. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी खालची ओळ वाचा, मागची बाजू पाहा, आणि वहीत टिपून ठेवा. चौकट लहान पडली, तर चौकट बदला.