घरच्यांसाठी लिहिलेले पुस्तक

अथाल येथे दमणगंगेच्या काठच्या एका घरी प्रार्थनासभा आटोपल्यावर आम्ही चहा घेत बसलो होतो. घरच्या वृद्ध भगिनी नातवंडांना आपल्या लहानपणीच्या गोष्टी फार रंगवून सांगत होत्या. हे वहीत उतरवून ठेवा, असे मी सुचविले, तेव्हा त्या हसल्या. आपण शाळेत गेलो नाही, आपले लिहिलेले वाचणार कोण, असे त्यांनी विचारले. मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या.

लक्ष्मीबाईही शाळेत गेल्या नव्हत्या. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्या जन्मल्या. माहेरी सोवळ्याओवळ्याचे भलतेच प्रस्थ होते. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. अक्षरओळख करून दिली ती नवऱ्यानेच. टिळक कवी, उदार आणि तितकेच तापट. घरात पैसा टिकत नसे आणि पाहुणा हटत नसे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या मंडळींत आपण ही घटना आनंदाने सांगतो. सांगताना मागे राहिलेल्या पत्नीचा मात्र आपल्याला बहुधा विसर पडतो. पदरी लहानगा दत्तू, लोकांची बोलणी, आणि नवरा जिवंत असून दुरावलेला. सुमारे पाच वर्षे त्यांनी अशी काढली. काही काळ त्या पंढरपुरासही होत्या. याच दिवसांत त्या कविता जुळवू लागल्या. कोणाला दाखवावी म्हणून ती कविता नव्हती. मन मोकळे करायला दुसरी जागा उरली नव्हती. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या विचाराने.

मग अहमदनगरचे ते भरलेले घर! अनाथ मुले, विद्यार्थी, कवी यांचा तेथे राबता असे. बालकवी ठोंबरे त्या घरी मुलासारखे राहिले. टिळकांनी पत्नीवर ‘माझी भार्या’ ही कविता लिहिली. नवराबायको भांडत आणि एकमेकांसाठी कविताही करीत, असे घर त्या काळी विरळाच असेल.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि चौसष्ट अध्यायांची भर घातली. पतीची अर्धी राहिलेली ओवी पुढे नेताना त्यांना काय वाटले असेल! ज्याने हात धरून अक्षर शिकविले त्याचेच काम त्या हाताने पुढे चालविले.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट मात्र याहून साधी आहे. देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होता. त्याने आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. आई लिहायला बसली ती मुलासाठी. पुस्तक करावे, नाव मिळवावे, हा हेतू नव्हता. म्हणूनच तिने काही सजविले नाही. टिळकांचा राग, त्यांचा विसरभोळेपणा, पैशाबाबतची बेफिकिरी, तसेच स्वतःची फजिती, सारे तिने जसेच्या तसे सांगितले. आणि हसत सांगितले. एखाद्या थोर ख्रिस्ती पुरुषाचे चरित्र लिहिणारे आपण लोक त्याला प्रभावळ लावून मोकळे होतो. बायकोने तसे केले नाही, आणि तिच्या टिळकांवर आपला अधिक विश्वास बसतो. ज्याच्यामुळे पाच वर्षे रडावे लागले त्याच्याविषयी इतके प्रसन्न लिहिता येणे, ही क्षमा नाही तर काय?

त्या आठवणी ‘संजीवनी’ मासिकात येऊ लागल्या. १९३४ साली पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा लक्ष्मीबाई साठी ओलांडून गेल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. चौथा भाग अपुरा राहिला होता. तो देवदत्तांनी पुरा केला व छापला. ‘ख्रिस्तायना’चा अखेरचा अध्यायही त्यांनीच लिहिला. बापाचे काम आईने आणि आईचे मुलाने पुढे नेले. पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची आवृत्ती संपादित केली.

अथालच्या त्या भगिनींना मी हे सारे सांगितले. निघताना पाहतो तो त्यांची नात शाळेच्या वहीतली कोरी पाने फाडून आजीपुढे ठेवीत होती.