लेनर्ड बेली: रंध्यावर नाव त्याचं, हक्क कंपनीचे

घरी फर्निचरचं काम निघालं की सुतार रंधा मारतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. हल्ली इलेक्ट्रिक रंध्याची घरघर जास्त ऐकू येते, पण शेवटच्या बारीक फिनिशिंगला अजूनही पेटीतून हातरंधा बाहेर निघतो. तो लोखंडी असेल, तर त्याची रचना बहुतेक वेळा एकाच माणसाच्या डोक्यातून आलेली असते. त्याचं नाव लेनर्ड बेली. आज आपण त्याची गोष्ट पाहणार आहोत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवडाभर स्क्रीनसमोर आणि रविवारी बाल्कनीत जुन्या लोखंडी रंध्यांसोबत. पहिला रंधा मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. गंजून पार लाल झालेला. घरी आणून घासला, तेव्हा वरच्या कॅपवर 'स्टॅनली' दिसलं, मागे 'मेड इन इंग्लंड', आणि पुढच्या टोकाला ओतीव अक्षरांत 'बेली'. मला प्रश्न पडला, कंपनी जर स्टॅनली, तर हा बेली कोण?

हातोडीने सेटिंग

बेलीचा जन्म 1825 सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॉलिस गावचा. पुढे तो बॉस्टनजवळच्या विंचेस्टरमध्ये फर्निचर बनवायचा. म्हणजे ज्याने हे अवजार बदललं, तो स्वतः रोज तेच वापरणारा होता.

त्या काळचे बहुतेक रंधे लाकडी होते. पातं लाकडी पाचर ठोकून बसवायचं. जास्त कापायचं असेल तर पात्याच्या डोक्यावर हातोडीचा हलका ठोका, कमी करायचं असेल तर रंध्याच्या मागच्या बाजूला ठोका. एक ठोका जोरात पडला की सगळं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून. मुरलेल्या कारागिराला ते हाताच्या सवयीने जमायचं, पण नवशिक्याचे हाल व्हायचे.

इथे एक गैरसमज दूर करूया. लोखंडी रंधा बेलीने शोधला नाही. अमेरिकेत हॅझर्ड नोल्सने ओतीव लोखंडाच्या रंध्याचं पेटंट 1827 मध्येच घेतलं होतं. पण लोखंड आलं तरी पाचर आणि हातोडी तशीच राहिली. बेलीने हात घातला तो या सेटिंगच्या त्रासाला.

बेलीने नेमकं काय केलं?

1850 च्या दशकापासून तो एकेक कल्पना करून बघत होता आणि पेटंट घेत होता. 1867 पर्यंत ज्या गोष्टी जमून आल्या, त्या आजच्या रंध्यातही दिसतात:

1. पितळी चाक: मुठीच्या पुढेच, बोट पोचेल तिथे. ते फिरवलं की इंग्रजी वाय अक्षरासारखा एक छोटा लिव्हर हलतो आणि पातं केसभर पुढे किंवा मागे सरकतं. काम चालू असताना, हात न काढता.

2. लिव्हर कॅप: पाचरीऐवजी खटका. उचलला की पातं मोकळं, दाबला की घट्ट.

3. पातळ पातं आणि त्यावरची वाकवलेली पट्टी: जुनी पाती जाड असायची, धार लावायला वेळ खायची. बेलीने पातळ पोलादी पातं घेतलं आणि ते थरथरू नये म्हणून वर बाक दिलेली पट्टी बसवली. ती बरोबर धारेजवळ दाब देते.

आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्वी कमांड लाइन होती, बेलीने स्लायडर दिला. काम तेच, पण शिकायला लागणारा वेळ बराच कमी झाला.

पेटंट विकलं आणि मग

बॉस्टनमध्ये त्याचं छोटं उत्पादन चालू होतं, पण मोठ्या बाजारासाठी फाउंड्री, विक्रेते, पैसा सगळंच लागतं. 1869 मध्ये त्याने आपल्या पेटंटचे हक्क कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅनली रूल अँड लेव्हल कंपनीला दिले. बदल्यात रॉयल्टी आणि कंपनीतच रंधे बनवण्याचं काम. आजचा एखादा स्टार्टअप मोठ्या कंपनीने घ्यावा आणि संस्थापकाने तिथेच नोकरीला लागावं, तसंच हे.

स्टॅनलीने 1 ते 8 असे क्रमांक देऊन पूर्ण मालिका बाजारात आणली. चार नंबर, 9 इंची, सगळ्यात जास्त चालणारा. पाच नंबर, 14 इंची, सुरुवातीच्या जाड कामाला. सात आणि आठ नंबर लांबलचक, फळ्यांच्या कडा सरळ करायला. एक नंबर इतका छोटा की फार विकलाच गेला नाही, म्हणून आज संग्राहक त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात.

पण कंपनीत जस्टस ट्राउटसारखे दुसरे संशोधकही होते आणि ते स्वतःची पेटंट घेत होते. बेलीचं आणि कंपनीचं बिनसलं. 1875 च्या सुमारास तो बाहेर पडला आणि हार्टफर्डमध्ये 'व्हिक्टर' नावाने नवे रंधे बनवू लागला. आता त्याची पंचाईत बघा. स्वतःचीच उत्तम रचना त्याला वापरता येत नव्हती, कारण ती विकलेली होती. त्याला स्वतःलाच वळसा घालून नवी रचना शोधावी लागली. पेटंटवरून भांडण कोर्टापर्यंत गेलं. आणि 1884 मध्ये व्हिक्टरचा धंदाही शेवटी स्टॅनलीकडेच गेला.

आणखी एक गंमत. तेव्हा अमेरिकेत पेटंटची मुदत 17 वर्षं होती. म्हणजे 1867 ची त्याची पेटंट संपली तीही 1884 मध्येच. त्यानंतर सार्जंटसारख्या कंपन्या तशाच रचनेचे रंधे काढू लागल्या. पुढे इंग्लंडच्या रेकॉर्ड कंपनीने तर क्रमांकही तेच ठेवले, फक्त आधी शून्य लावलं: 04, 05.

बेली नंतर ऑफिसात पत्रांची नक्कल काढायचे लोखंडी प्रेस बनवत राहिला. झेरॉक्सच्या आधीची ती सोय. नुकत्याच शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचं, की प्रत तयार. 1905 मध्ये तो गेला. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं स्टॅनलीने रंध्याच्या टोकावर 'बेली' ही अक्षरं ओतायला सुरुवात केली होती. कंपनी सोडून त्याला पाव शतकाहून जास्त काळ झाला होता.

जुना रंधा घेताना

ओतीव लोखंड वाकत नाही, पडलं की तडकतं. म्हणून आधी तळावरची पात्याची फट आणि दोन्ही बाजूच्या भिंती नीट बघा. तडा असेल तर सोडून द्या. पितळी चाक फिरवून पातं खरंच सरकतंय का ते पाहा. पातं किती शिल्लक आहे तेही बघा, घासून घासून ते आखूड होतं. वरवरच्या गंजाला घाबरू नका. सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले, घासून धुतले, लगेच कोरडे करून तेल लावलं की काम होतं. धार लावायला जाड काचेवर चिकटवलेला पॉलिश पेपर पुरतो. पहिल्यांदा लाकडावरून पारदर्शक साल निघते ना, तेव्हा सगळे कष्ट वसूल होतात.

मला काय मिळालं?

मागच्या महिन्यात मला नव्या नोकरीचं ऑफर लेटर आलं. फोनवरच भराभर स्क्रोल करून सही करणार होतो. समोर टेबलावर चार नंबरचा रंधा पडला होता. थांबलो आणि पुन्हा वरून वाचलं. नोकरीच्या काळात मी जे काही बनवेन, ते सुट्टीच्या दिवशी घरी बनवलेलं असलं तरी कंपनीचं, असं एक कलम होतं. मी दोन वर्षं रविवारी रविवारी एक छोटं ॲप बनवतोय. त्याचं नाव घालून ते यातून वगळा, असा मेल पाठवला. उत्तर अजून यायचंय, आणि ही नोकरी मला हवी आहे.

बेलीला पैसे मिळाले, स्टॅनलीमुळे त्याची रचना जगभर पोचली, माझ्या बाल्कनीतही आली. तो व्यवहार वाईटच होता असं मी म्हणणार नाही. फक्त सही करताना आपण काय देतोय ते आपल्याला माहीत असावं. तुमच्याकडेही असं एखादं ऑफर लेटर पडून असेल, तर आज एकदा शेवटपर्यंत वाचा.