के. जे. रणदिवे म्हणजे एक बाई!

आपल्या जुन्नर-आंबेगावकडे हळदीकुंकू असो की बारसं, पान-सुपारीचं तबक फिरतंच. सकाळी उठल्याउठल्या मिशेरी लावणाऱ्या आज्या-मावश्याही घरोघरी आहेत. बचत गटाच्या बैठकीत तंबाखूचा विषय काढला की बायका माना डोलावतात, पण सुपारी वाईट म्हटलं की हसतात. सुपारीनं कधी कुणाला काही झालंय का, असं त्यांना वाटतं. या सुपारीच्या मागे लागलेली एक बाई आपल्या पुण्याचीच होती. डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. कमलताई हुजूरपागेत शिकल्या. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि नवराही डॉक्टरच करावा, अशी वडिलांची फार इच्छा. पण लेकीनं जीवशास्त्र धरलं आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी! लग्नानंतरही शिक्षण थांबलं नाही. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं, आणि तेही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर. मग मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये काम करता करता डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभारली.

कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन विषयांवर त्यांचे दोनशेहून जास्त शोधनिबंध आहेत. आता इतके लेख लिहिले म्हणून काय झालं, असं आपल्याला वाटेल. संशोधनात नुसती संख्या बघत नाहीत. आपण कसं, लोणचं घातलं तरी मसाला अमक्या काकूंच्या पद्धतीचा आहे म्हणून आवर्जून सांगतो, तसं एक संशोधक दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतो तेव्हा त्याचं नाव देतो. किती जणांनी आणि किती वर्षं आधार घेतला, त्यावर त्या लेखाचं वजन ठरतं.

१९७६ मध्ये कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी-तंबाखूचे उंदीर आणि हॅम्स्टर या प्राण्यांवर केलेले प्रयोग आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पुढे जगभरचा असा पुरावा गोळा केला, त्यात या लेखाचाही हवाला आहे. २००४ च्या अहवालात त्या संस्थेनं तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसाला कर्करोग करते, असं स्पष्ट नोंदवलं. आमच्या बैठकीत मी हेच सांगते.

कुष्ठरोगाची गोष्ट जरा वेगळी. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी कुष्ठरुग्णापासून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हे, त्याच्या नात्यातला, असं पुढे दिसून आलं. तरी त्याच्यापासून लस झाली आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीचे आकडे १९९८ मध्ये आले तेव्हा तिचं संरक्षण ६५ टक्क्यांच्या आसपास भरलं. त्या जंतूला नाव मात्र संस्थेचं मिळालं, आयसीआरसी.

आणि शोधनिबंधाखालच्या यादीत नुसतं आडनाव नि आद्याक्षरं असतात. रणदिवे के. जे. त्यातला जे नवऱ्याच्या नावाचा, आपल्या सगळ्यांसारखाच. ही बाई आहे, हे परदेशातल्या वाचणाऱ्याला कळणार कसं? १९७३ मध्ये कमलताईंनी अकरा जणींना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, ती मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. वाशीला या संघटनेनं नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही काढलं. शास्त्रज्ञ बाईचं गाडं कुठे अडतं, हे बाईलाच ठाऊक!

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या आपल्या जुन्नरच्या शेजारच्या अकोले तालुक्यात आल्या. १९८९ मध्ये तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती त्यांच्या देखरेखीखाली गोळा झाली. तेव्हा त्यांचं वय बहात्तरच्या घरात होतं. २००१ मध्ये त्या गेल्या.